झुल्माचं जावळ

रोज सकाळचं पहिलं मूल हातात घेण्याआधी तेओदोसिया मावशी आपले दोन्ही हात चहाच्या पातेल्याच्या झाकणावर ठेवायची. खाली कॉफीच्या सालींचा तांबूस चहा उकळत असायचा, झाकण थरथरायचं, आणि ती आधी तळवे, मग पालथे हात असे उलटसुलट शेकून घ्यायची. उंच पठाराच्या कडेवरच्या आमच्या एल आल्तो शहरात पहाटे नळात पाण्याऐवजी बर्फ असतं. आया अंधारातच यायच्या, पाठीवरच्या अवायोची गाठ सोडायच्या आणि त्या जाड रंगीत फडक्यातलं झोपेनं जड झालेलं मूल तिच्याकडे द्यायच्या. आईचे हात कुठे संपले आणि हिचे कुठे सुरू झाले ते मुलाला कळू नये, एवढाच तिचा हेतू. "गार हात लागला की त्याला कळतं, आई गेली," ती म्हणायची. "मग ते दिवसभर दाराकडे बघतं."

आमच्या वस्तीतल्या त्या घराला सगळे 'वावा उता' म्हणत, म्हणजे बाळांचं घर. वॉर्ड समितीच्या सभागृहामागच्या दोन खोल्या. गुरुवार-रविवारच्या बाजारात जमिनीवर माल मांडून बसणाऱ्या बायकांनी त्या मागून घेतल्या होत्या. पत्र्याचं छप्पर, भिंतीला निळा रंग, आणि सगळीकडे उकडलेल्या बटाट्याचा वास. पुढच्या खोलीत तान्ही आणि रांगती मुलं असत. मागच्या खोलीत, शाळा सुटल्यावर, आम्ही मोठी मुलं अभ्यासाला बसायचो. माझी आई लोकरीचे मोजे विकायची, अंधार पडेपर्यंत यायची नाही. त्यामुळे माझं निम्मं लहानपण त्या घरात गेलं, आणि तेओ मावशीचा चेहरा मला माझ्या मावशांपेक्षा नीट आठवतो. तिला जाऊन आता बरीच वर्षं झाली. फुप्फुसांनी नेलं तिला, एका हिवाळ्यात.

ती बुटकी होती. वर्षानुवर्षं मुलं पाठीवर वाहून तिचा एक खांदा खाली आला होता. तिच्या डोक्यावरची तपकिरी टोपी कायम त्या खांद्याकडे कललेली असायची. सरोवराकाठच्या गावातून ती शहरात आली तेव्हा एकटीच आली. गावी तिला एक मुलगी झाली होती. जावळ काढायच्या आधीच ती पोर वारली. हे ती स्वतः कधी बोलली नाही. बासिलियाकाकूनं एकदा बटाटे सोलता सोलता माझ्या आईला सांगितलं, आणि मी ऐकलं. बासिलियाकाकू म्हणजे बाळांच्या घराची स्वयंपाकीण आणि मातासमितीची अध्यक्षही. मोठ्या आवाजाची, मोठ्या हाडाची बाई.

झुल्मा त्या घरात आली तेव्हा दीड वर्षाची होती. तिची आई फ्लोरेंतिना बाजारात जुन्या कपड्यांचे गठ्ठे फोडून विकायची. वडील उत्तरेकडे नदीत सोनं चाळायला गेले होते आणि तिथून कोणी परत येतं असं आम्ही फारसं ऐकलं नव्हतं. झुल्मा फार बोलायची नाही. तिचे केस मात्र सगळ्यांच्या नजरेत भरायचे. जन्मापासून त्यांना कात्री लागलेली नव्हती. तीन वर्षांची होत आली तरी ते तसेच, कमरेपर्यंत, जटा झालेले, लोकरीच्या गुंत्यासारखे.

"काय गं, गिनीपिग पाळलेत की काय या केसांत?" बासिलियाकाकू विचारायची. "एखादा बाहेर आला तर मला दे. रविवारी तळीन."

"हसा, काकू, हसा," फ्लोरेंतिना म्हणायची. "या केसांना मी भल्या माणसाची कात्री लावणार आहे. मग बघा."

भला माणूस कोण, ते सगळ्यांना ठाऊक होतं. कोपऱ्यावरचे कापडवाले गुमेर्सिंदोशेठ. त्यांचं तीन मजली दुकान होतं, दोन ट्रक होते, आणि अख्ख्या पठारावरची माणसं घागऱ्याचं कापड त्यांच्याकडूनच न्यायची. आमच्यात जावळाची पहिली बट जो कापतो तो मुलाचा धर्मबाप होतो, आणि मग ते मूल आडवाटेला लागलं, आजारी पडलं, अनाथ झालं, तर त्यानं उभं राहायचं असतं. नुसता उपचार नव्हे तो. माणसं ते नातं पाळतात. गरिबाच्या घरी मुलाला देण्यासारखं दुसरं काही नसतं. जावळ तेवढं असतं, आणि तेही एकदाच. फ्लोरेंतिना नवरा परतायची वाट बघत होती, कारण बापाशिवाय शेठना आमंत्रण द्यायला तिला लाज वाटायची. शेठ मात्र दोनदा म्हणाले होते, "बोलवा की. येईन मी."

त्या थंडीत फ्लोरेंतिना गठ्ठे आणायला सीमेकडे गेली. दोन दिवसांत येते म्हणाली आणि झुल्माला मावशीकडे ठेवून गेली. पुढे रस्तारोको झाला, सीमेवरचे ट्रक अडकून पडले, तिचा फोन लागेना. इकडे झुल्माच्या डोक्याला वास यायला लागला. मावशीनं जटा उचलून पाहिल्या तर खाली उवा, खाजवून झालेल्या जखमा आणि पू. संध्याकाळी ताप चढला. दवाखान्यातली परिचारिका येऊन बघून गेली. म्हणाली, "हे केस आजच्या आज उतरवा. औषध कातडीला लागायला हवं. आणि तोवर हिला बाकीच्या मुलांत ठेवू नका."

"भादर मेंढीसारखी आणि हो मोकळी," बासिलियाकाकू म्हणाली. "आई आली की मी बोलेन तिच्याशी."

मावशीनं कात्री घेतली. झुल्माला मांडीवर बसवलं. कात्री केसांपाशी नेली आणि खाली ठेवली. पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली.

"काय झालं?" काकू म्हणाली.

"असंच कसं कापू? पहिले केस आहेत तिचे."

"अगं, आजारी आहे पोर!"

"म्हणूनच."

ती उठली. फळीवरून पांढरी ताटली काढली, पुसली. तिच्यावर रीतीला लागणारी कोकाची पानं ठेवली, एक नाणं ठेवलं. सकाळचा एक पाव होता, तो बाजूला ठेवला. स्वतःचा धुतलेला अवायो जमिनीवर पसरून त्यावर झुल्माला बसवलं. मग आयमारात, गावाकडच्या भाषेत, काहीतरी पुटपुटत तिनं पहिली बट कापली आणि ताटलीत ठेवली, खाली पडू न देता. त्यानंतर सगळे केस. झुल्मा तापानं झिंगलेली, हूं की चूं नाही. बाकीची मुलं भिंतीला पाठ लावून बघत होती. शेवटी मावशीनं पाव मोडून सगळ्यांना एकेक तुकडा दिला. केस फडक्यात बांधले, गाठीवर ओठ टेकले. बासिलियाकाकू चुलीपाशी तोंड फिरवून उभी होती. तिला कळलं असावं. मला तेव्हा काहीच कळलं नाही. पाव मिळाला, एवढंच.

ताप उतरला. जखमांवर खपल्या धरल्या. फ्लोरेंतिना आली ती धुळीनं माखलेली, पाठीवर गठ्ठा. झुल्मा दारातच बसली होती, डोकं उकडलेल्या अंड्यासारखं.

फ्लोरेंतिनानं गठ्ठा खाली टाकला. "कोणी कापले?"

"मी," मावशी म्हणाली. "ताप होता गं. खाली पू झाला होता. ये, बघ, या खपल्या..."

"कसे कापले?"

मावशीची नजर फळीवरच्या ताटलीकडे गेली.

पुढच्या खोलीतलं एक बोलकं पोरगं आनंदानं ओरडलं, "ताटली मांडून! पाव दिला आम्हाला, पाव!"

फ्लोरेंतिना गठ्ठ्यावरच बसली. मग हळू आवाजात म्हणाली, "भादरलं असतंत ना, मावशी, मी काहीतरी बोलले असते. शेठना म्हटलं असतं, आजार झाला, केस गेले, पुन्हा वाढू द्या, मग या. थांबले असते ते. पण तुम्ही ताटली मांडली. पानं ठेवली. पाव वाटला. झालं की तिचं जावळ. एकदा झालं ते झालं."

"नुसती कात्री लावायला माझा हात धजला नाही."

"तुमचा हात धजला नाही! आणि पोरीनं काय करायचं? तीन वर्षं मी त्या जटा जपल्या. उवा वेचल्या, लोकांचं हसणं ऐकलं. कशासाठी? तुमच्यासाठी?" ती उठली. "बरं. मग द्या आता. रीत केलीत ना, पूर्ण करा. काय देता पोरीला, कोमाद्रे?"

मुलाच्या आईनं आणि धर्मआईनं एकमेकींना कोमाद्रे म्हणायचं असतं, घरचे बाकीचेही धर्मआईला तेच म्हणतात. हा शब्द लोक हसून, मिठी मारून म्हणतात. तिनं तो फेकला.

मावशी म्हणाली, "गावी भावाच्या कळपात माझी एक मेंढी आहे. गाभण आहे. ती झुल्माची."

फ्लोरेंतिना हसायला लागली. "मेंढी! दोन ट्रक गेले आणि मेंढी आली!" हसता हसता ती रडायला लागली. मावशी तिच्यापाशी बसली. जवळ घ्यायचं तिचं धाडस झालं नाही.

दुसऱ्या दिवसापासून दोघींचं बोलणं बदललं. मावशी तिला 'अगं फ्लोरे' म्हणायची, ती आता 'तुम्ही, कोमाद्रे' म्हणू लागली, कारण या नात्यात अरेतुरे चालत नाही. आधी त्यात अवघडलेपण होतं. पण रोज बोलून बोलून तो शब्द झिजला, मऊ झाला. मावशीनं आपल्या जुन्या घागऱ्याच्या कापडाचं झुल्माला जाकीट शिवलं. फ्लोरेंतिना एक दिवस गठ्ठ्यातला लोकरी स्वेटर मावशीच्या अंगावर टाकून म्हणाली, "घ्या. कोमाद्रे कुडकुडताना बघवत नाही. लोक मला बोलतील."

वर्षभरानं तिला वाळवंटापलीकडे, चिलेत, टोमॅटोच्या मळ्यात काम मिळालं. तिथे मुलं नेता येत नव्हती. ती सांगायला आली तेव्हा मावशी पोरांची तोंडं पुसत होती.

"हंगाम संपला की येते, कोमाद्रे. आता तुम्ही आहात म्हणून जाऊ शकते."

"जा तुम्ही. तिची काळजी नको."

झुल्मा मावशीच्या खोलीत राहू लागली. बाळांच्या घराच्या मागेच एक लहान खोली होती तिची. एका गादीवर दोघी. "म्हातारपणी बाळंतीण झालीस की गं, तेओ!" बाजारातल्या बायका चिडवायच्या. "दूध-बिध येतंय की नाही?" मावशी लाजायची. तिला लाजताना मी तेव्हाच पाहिलं. दुपारी झुल्मा आमच्या टेबलाखाली येऊन बसायची, आमच्या पायांत. पेन्सिल खाली पडली की शोधून वर द्यायची. तिचे नवे केस ब्रशासारखे ताठ आले होते. मावशी येता-जाता त्यांवरून हात फिरवायची, उगीचच.

सुरुवातीला फ्लोरेंतिनाचा फोन यायचा, किराणावाल्याच्या दुकानात. मग येईनासा झाला. हंगाम संपला, दुसरा सुरू झाला. तिकडून आलेल्या एका बाईनं सांगितलं, ती त्या मळ्यात नाही, आणखी दक्षिणेला गेली. तिचं काय झालं ते आजवर कोणाला नीट कळलेलं नाही.

त्यानंतर एका गुरुवारी बाजाराच्या गर्दीतून झुल्माचा काका आला. साबिनो नाव त्याचं, बापाचा थोरला भाऊ. बरोबर झुल्माची आजी, वाळलेली, टोपीवर पठाराची पांढरी धूळ. तिला फक्त आयमारा यायची. साबिनोनं सुकवलेल्या काळ्या बटाट्यांची पिशवी आणि लामा या उंच मानेच्या लोकरी जनावराच्या वाळलेल्या मांसाची एक तंगडी मावशीपुढे ठेवली, टोपी काढून हातात घेतली. वागायला अगदी रीतीचा माणूस.

"कोमाद्रे, पोरीला न्यायला आलोय."

"तिची आई येणार आहे."

"कधी?"

मावशीनं बासिलियाकाकूकडे पाहिलं. काकूनं पातेल्याकडे.

"म्हातारीचे गुडघे गेले," साबिनो म्हणाला. "मी खाणीवर असतो. लामांमागे जायला कोणी नाही. पोर चालती झालीय. थोडं शिकवलं की कळप हाकेल."

"चार वर्षांची आहे ती."

"मीही तेवढाच होतो."

"रात्री खोकते. वर तुमच्याकडे गारठा..."

"कोमाद्रे, आम्हीही वरच वाढलो. मेलो नाही ना सगळे."

मावशीनं मान ताठ केली. "मी तिची धर्मआई आहे. जावळ माझ्या हातानं झालंय."

"म्हणून तर विचारून नेतोय," साबिनो शांतपणे म्हणाला. "नाहीतर रस्त्यातून उचलून नेली असती. तुमचा मान आहे, कोमाद्रे. पण रक्त आमचं आहे. तुमच्याकडे तिच्यासाठी काय आहे, सांगा. शेत आहे? घर आहे? ही खोलीही समितीची." तो टोमणा नव्हता, हेच वाईट होतं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"मेंढी आहे," मावशी म्हणाली.

"आहे ना. तीही पाठवून द्या सवडीनं. रविवारी येतो."

तो गेल्यावर बासिलियाकाकूनं दार लावून घेतलं. "तेओ, ऐक माझं. तू भांडलीस तर तो तक्रार करेल. नगरपालिकेचा माणूस येईल. पहिलं विचारेल, मूल रात्री इथे का झोपतं? परवानगी दिवसाची आहे. कुलूप लावतील आपल्याला. मग या सगळ्यांना कुठे न्यायचं? आया परत मुलांना खोलीत कोंडून बाजारात जातील. मागे आग लागली होती ती विसरलीस?"

"नाही विसरले."

"मग मी काय करू, सांग ना! मला काय ती पोर जड झालीय?" काकू एकदम ओरडली आणि कांदा चिरायला लागली, न सोलताच.

शुक्रवारी मावशी गुमेर्सिंदोशेठकडे गेली. माझ्या आईला मोज्यांसाठी दोरा हवा होता म्हणून आम्हीही दुकानात होतो. शेठनी मावशीला खुर्ची दिली, गोड सरबत मागवलं. ती खुर्चीच्या कडेवर बसली.

"शेठ, झुल्माचा बाप्तिस्मा राहिलाय. त्यालाही धर्मबाप लागतो, तुम्ही व्हा. पठारावरची माणसं तुम्हाला मानतात. तुम्ही एक शब्द टाकलात, पोर इथे शिकेल म्हणालात, तर साबिनो नाही म्हणणार नाही. खर्च काही नको. राहील माझ्याकडेच. फक्त तुमचा शब्द."

शेठनी चष्मा काढून पुसला. "मावशी, जावळाला मला बोलावलं असतंत तर मी आलो असतो. बँड आणला असता. तेव्हा माझं नाव घेऊन ठेवलं होतं त्या बाईनं, आणि मग परस्पर उरकलंत. लोक मला विचारत होते. मी काय सांगायचं? आता दुसऱ्यानं मांडलेल्या ताटलीत मी कुठे हात घालू? बरं दिसत नाही ते."

"चूक माझी होती. पोरीची नाही."

"चूक कशाला म्हणता? केलंत ते भल्यासाठीच केलंत." ते उठले, मागच्या कपाटातून हातभर लाल रिबीन कापून त्यांनी मावशीच्या हातात ठेवली. "पोरीला माझ्याकडून."

मावशीनं आभार मानले. झुल्माचे केस तेव्हा जेमतेम कानापर्यंत आले होते.

शनिवारी तिनं सगळे कपडे धुतले. ते वाळेनात, तेव्हा चुलीपाशी धरून वाळवले. आम्ही अभ्यास करत होतो आणि आमच्या टेबलाखाली झुल्मा कोणाच्या तरी बुटाची नाडी सोडत होती. मावशीनं तिला बाहेर बोलावलं नाही. ती आमच्यात बसली, खालीच, फरशीवर, आणि झुल्मानं तिच्याही बुटांच्या नाड्या सोडल्या.

रविवारी बसच्या नाक्यावर आम्ही सगळे गेलो होतो, बासिलियाकाकूसुद्धा, चूल तशीच टाकून. पठारावर जाणारी बस उभी होती, टपावर पोती, कोंबड्या, एक सायकल. बसवरचा पोरगा दारात लोंबकळत गावांची नावं ओरडत होता. झुल्मा रडली नाही. आजीनं तिला भाजलेले वाटाणे दिले होते आणि तिला बसमध्ये बसायचं होतं. तिला इतका आनंद झाला होता की मावशीकडे तिनं नीट पाहिलंही नाही. साबिनोनं बोचकं घेतलं, टोपी काढली, "देव बरं करो, कोमाद्रे" म्हणाला आणि चढला. दार लागलं.

मावशी उभीच होती. बस हलली तशी ती एकदम पुढे झाली, परकर सावरत बसबरोबर चालायला लागली, मग धावायला. तिला धावताना कोणी पाहिलं नव्हतं. टोपी पडली. तिनं काचेवर थापा मारल्या. ड्रायव्हरनं शिवी हासडून वेग कमी केला. साबिनोनं काच सरकवली.

"काय राहिलं, कोमाद्रे?"

तिला दम लागला होता. आम्हाला वाटलं, आता ती काहीतरी बोलेल. नेऊ नका म्हणेल, मीही येते म्हणेल. बासिलियाकाकूनं माझा हात घट्ट धरला. मावशीनं खिडकीची कड पकडली.

"तिला शू लागली की ती सांगत नाही," ती म्हणाली. "नुसती या पायावरून त्या पायावर होते. तेवढं बघा."